धनाची मर्यादा आणि धनाचा वाटा

व्यापारी कुळात जन्मलेल्या माणसाच्या कानांवर धनाविषयीचे दोन उपदेश बालपणापासून पडत असतात. दुकानाच्या गादीवर बसलेले वडीलधारे सांगतात की पै पै जोडावी, वाया जाऊ देऊ नये. प्रवचनाच्या पाटावर बसलेले महाराज सांगतात की जोडलेल्यावरची आसक्ती सोडावी, सोबत काहीच येणार नाही. दोन्ही उपदेश खरे असतात आणि दोन्ही उपदेश करणारे आपलेच असतात. म्हणून दिवाळीला वहीपूजन करताना ‘शुभ-लाभ’ लिहिणारा हात पर्युषणात त्याच लाभाविषयी अनित्य भावनेचे चिंतन करताना जोडला जातो. या दोन हातांचा मेळ कसा घालावा, हा श्रावकाच्या जीवनातील जुना प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ जैन श्रावकालाच पडला असे मात्र नाही. जिथे जिथे बाजार आणि धर्म शेजारी नांदले, तिथे तिथे तो उभा राहिला. इस्लामचा उदय तर व्यापाऱ्यांच्याच एका नगरात झाला. इस्लाममध्ये संन्यास नाही, म्हणून त्यात वैराग्यही नसावे, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ऐहिक धन आणि सुखोपभोग यांच्याविषयीच्या अनासक्तीला इस्लामी परंपरेत ‘जुह्द’ म्हणतात आणि ती अंगी बाणलेल्या व्यक्तीला ‘जाहिद’. इस्लामच्या दुसऱ्या शतकापासून या एका विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले. अपरिग्रहाच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाने हा विचार समजून घेणे उद्‌बोधक ठरेल. त्यातील साम्य आनंद देते आणि त्यातील भेद आपल्याच व्रताकडे नव्या दृष्टीने पाहावयास लावतो.

व्यापाऱ्यांच्या नगरातील धर्म

सहाव्या-सातव्या शतकातील मक्का हे वाळवंटातील व्यापारी केंद्र होते. तेथील कुरैश कुळाचे तांडे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दूरच्या बाजारपेठांना जात; या दोन प्रवासांचा उल्लेख कुराणातील एका छोट्या अध्यायात आला आहे. हजरत मुहंमद पैगंबर यांनीही तरुणपणी खदीजा या धनिक विधवेचा माल घेऊन व्यापारी प्रवास केला होता. पुढे त्यांच्या सचोटीमुळेच दोघांचा विवाह झाला. साहजिकच कुराणाच्या भाषेत तराजू, कर्ज, नफा, तोटा आणि हिशेब यांना मोठे स्थान मिळाले. माप घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे, अशा व्यापाऱ्यांच्या निषेधाने तर त्यातील एका अध्यायाचा आरंभच होतो.

हिशेबाचे महत्त्व किती मानले आहे, याचे एक उदाहरण मुनीमजींना विशेष आवडावे असे आहे. संपूर्ण कुराणातील सर्वांत दीर्घ वचन पूजा, स्वर्ग किंवा नरक यांच्याविषयी नसून उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. मुदतीचे कर्ज असेल तर ते लिहावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, मजकूर कर्जदाराने सांगावा, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे त्यात सविस्तर सांगितले आहे. त्याच्या जवळच व्याजाचा निषेध आहे आणि कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, सोडून दिले तर अधिक चांगले, असा आदेशही आहे. आसक्ती सोडा म्हणून वही बंद करा, असे हा धर्म सांगत नाही. वही चोख ठेवा, पण वहीत स्वतः अडकू नका, असे तो सांगतो.

मात्र धनाच्या मोहाविषयी तो कठोर आहे. एका अध्यायात म्हटले आहे की अधिकाधिक मिळवण्याच्या चढाओढीने माणसांना कबरीपर्यंत भुलवून ठेवले. अन्यत्र ऐहिक जीवनाची तुलना पावसाने तरारलेल्या पिकाशी केली आहे; शेतकऱ्याला आनंद देणारे ते पीक बघता बघता पिवळे पडते आणि त्याचा भुसा होतो. कारून नावाच्या धनाढ्याची कथाही येते. त्याच्या खजिन्यांच्या किल्ल्या उचलताना बलवान माणसांचा जथाही वाकत असे. हे सारे आपल्या ज्ञानाच्या बळावर मिळवले, असे तो म्हणाला आणि अखेर वाड्यासकट जमिनीत गाडला गेला. त्याचा अपराध श्रीमंती हा नव्हता. ‘हे माझे, मी मिळवले’ हा अहंकार त्याला नडला.

आचार्य उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची यादी दिली नाही. वस्तूविषयीच्या मूर्च्छेलाच, म्हणजे ममत्वाच्या बेहोशीला, त्यांनी परिग्रह म्हटले. कारूनच्या कथेचे मर्म याहून फारसे दूर नाही.

विरक्ती म्हणजे दारिद्र्य नव्हे

जुह्दचा अर्थ काय, यावर इस्लामी विचारवंतांनी पुष्कळ चर्चा केली. कुराणात एके ठिकाणी सांगितले आहे की जे हातून गेले त्याबद्दल खेद करू नये आणि जे मिळाले त्याने हुरळून जाऊ नये. अनेकांनी याच सूत्रात जुह्दचे सार पाहिले. लाभ आणि हानी यांत मनाचा काटा स्थिर राहणे, ही ती कसोटी. समभावाची साधना करणाऱ्या, सामायिकाला बसणाऱ्या श्रावकाला ही भाषा परकी वाटणार नाही.

पैगंबरांची एक शिकवण प्रसिद्ध आहे : जगात परक्या माणसासारखे किंवा वाटसरूसारखे राहावे. वाटसरू धर्मशाळेत राहतो, तेथील पाणी पितो, सावलीचा लाभ घेतो, पण धर्मशाळा आपल्या नावावर करून घेण्यासाठी भांडत नाही. तथापि वाटसरूचे हे मन ठेवताना घरदार सोडून देण्यास इस्लामने प्रोत्साहन दिले नाही. अबू दर्दा नावाचे एक अनुयायी दिवसभर उपवास आणि रात्रभर प्रार्थना करीत आणि घराकडे लक्ष देत नसत. त्यांचे मित्र सलमान यांनी त्यांना आग्रहाने जेवू घातले, रात्री झोपावयास लावले आणि समजावले की ईश्वराचा तुमच्यावर हक्क आहे, तसा तुमच्या देहाचाही आहे आणि तुमच्या कुटुंबाचाही आहे. प्रत्येकाचा हक्क त्याला द्यावा. पैगंबरांनी सलमान यांचे म्हणणे योग्य ठरवले.

दुसरा प्रसंग वारसाहक्काविषयीचा आहे. साद इब्न अबी वक्कास आजारी पडले. धन पुष्कळ होते आणि त्या वेळी वारस म्हणून एकच कन्या होती. आपल्या धनाचा दोन तृतीयांश भाग दान करण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. पैगंबरांनी नकार दिला. अर्धा? तोही नको. एक तृतीयांश चालेल आणि तोही खूप झाला, असे ते म्हणाले. वारसांना लोकांपुढे हात पसरण्याच्या स्थितीत सोडण्यापेक्षा सुस्थितीत ठेवून जाणे अधिक चांगले, हे त्याचे कारण. आजही मुस्लिम कायद्यात मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा अधिक संपत्ती वारसांच्या संमतीशिवाय देता येत नाही, त्याचे मूळ येथे आहे. दानाच्या उत्साहालाही मर्यादा घालणारी ही विरक्ती आहे. स्वतःच्या पुण्याचा लोभ हाही एक लोभच असू शकतो, हे तिने ओळखले आहे.

अकराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ इमाम गझाली यांनी धनाला सापाची उपमा दिली. सापात विष असते आणि औषधही असते. ज्याला विद्या अवगत आहे तो औषध काढतो. अडाणी मनुष्य दंश करून घेतो. गझालींना हे पुस्तकातून कळले नव्हते. बगदादच्या निजामिया या सर्वांत प्रतिष्ठित विद्यापीठात ते प्रमुख अध्यापक होते. कीर्ती, मान, वैभव सारे पायाशी होते. पण आपण शिकवतो ते ईश्वरासाठी की नावासाठी, या प्रश्नाने त्यांना ग्रासले. सहा महिने निर्णय होईना. अखेर वाचाच बंद झाली, वर्गात शब्द फुटेना. 1095 मध्ये त्यांनी पद सोडले, कुटुंबाच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीचे धन वाटले आणि ते दमास्कस, जेरुसलेम, मक्का असे भ्रमण करीत राहिले. त्यांच्या आत्मकथनातील हा भाग वाचताना ध्यानात येते की सोन्यापेक्षा नावलौकिकाची बेडी तोडणे कठीण असते.

बाजारातील विरक्त

तथापि व्यापारी वाचकाला अधिक जवळची वाटतील ती माणसे ज्यांनी दुकान सोडले नाही. इसवी सन 622 मध्ये मक्केतील छळामुळे मुस्लिमांनी मदिनेस स्थलांतर केले. अब्दुर्रहमान इब्न औफ त्यांत होते. व्यापार, घर सारे मागे राहिले. मदिनेतील एका सज्जनाने त्यांना बंधू मानून आपले अर्धे धन देऊ केले. अब्दुर्रहमान यांनी त्याला दुवा दिली, धन नाकारले आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. वाळवलेले दही आणि तूप विकण्यापासून त्यांनी आरंभ केला. काही वर्षांत ते मदिनेतील सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांपैकी एक झाले. स्थलांतर करून परमुलखात शून्यातून पेढी उभारणाऱ्या मारवाडी आणि गुजराती पूर्वजांच्या वंशजांना ही कथा ऐकून स्वतःच्या आजोबा-पणजोबांची आठवण झाल्यास नवल नाही.

पण कथेचा खरा भाग पुढे आहे. श्रीमंती आल्यावर एकदा उपवास सोडण्यासाठी त्यांच्यापुढे अन्न वाढले गेले. त्यांना मुसअब इब्न उमैर या जुन्या सोबत्याची आठवण झाली. मुसअब उहुदच्या लढाईत मारले गेले तेव्हा त्यांच्या कफनासाठी एकच आखूड वस्त्र होते. डोके झाकावे तर पाय उघडे पडत, पाय झाकावे तर डोके. तो आपल्याहून श्रेष्ठ होता, असे अब्दुर्रहमान म्हणाले. आपल्या सत्कर्मांचे फळ आपल्याला येथेच तर चुकते करून मिळाले नाही ना, या भयाने ते रडू लागले आणि अन्न तसेच राहिले. समृद्धीला आपल्या पुण्याचा पुरावा मानण्याची सवय सर्वच समाजांत असते. या व्यापाऱ्याला ती समृद्धी पुण्याची शिल्लक संपत आल्याची सूचना वाटली. भरल्या ताटापुढे असा विचार सुचणे, हेच त्याचे वैराग्य.

दुसरे उदाहरण अब्दुल्लाह इब्न मुबारक यांचे. सध्याच्या तुर्कमेनिस्तानातील मर्व येथे 736 मध्ये त्यांचा जन्म झाला आणि 797 मध्ये युफ्रेटिस नदीकाठच्या हीत या गावी ते वारले. जुह्द या विषयावरील आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक त्यांचा आहे, आणि ते स्वतः मोठे व्यापारी होते. विरक्तीवर ग्रंथ लिहिणारा खुरासानचा माल घेऊन कसा फिरतो, असे एका तपस्व्याने त्यांना विचारले. कोणापुढे हात पसरावा लागू नये, आपला मान आणि धर्म राखता यावा, यासाठी आपण हे करतो, असे त्यांचे उत्तर होते. विद्वानांच्या आणि गरजूंच्या निर्वाहावर ते सढळ हाताने खर्च करीत.

त्यांच्या यात्रेची हकीकत चरित्रकारांनी सांगितली आहे. हजला निघताना गावातील सोबती आपापल्या खर्चाचे पैसे त्यांच्याकडे जमा करीत. ते प्रत्येकाची थैली नाव घालून पेटीत कुलूपबंद करीत. वाटेतील भाडे, उत्तम भोजन, घरच्यांसाठी मक्का-मदिनेतील भेटवस्तू, सारे ते स्वतःच्या खर्चाने करीत. परत आल्यावर सर्वांना जेवावयास बोलावून पेटी उघडीत आणि ज्याची त्याची थैली, गाठ न सोडलेली, परत देत. आपल्याकडे संघ काढून यात्रा घडवणाऱ्या संघपतींची परंपरा आहे. मात्र यात्रा पूर्ण होईपर्यंत सोबत्यांना आपण स्वतःच्या पैशाने प्रवास करीत आहोत असेच वाटत राहावे, ही काळजी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून देणाऱ्याने स्वतःला लपवले.

तिसरे नाव इमाम अबू हनीफा यांचे. भारतातील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम ज्या हनफी विधिपरंपरेचे अनुसरण करतात तिचे हे प्रवर्तक. 699 ते 767 हा त्यांचा काळ. कूफा नगरात त्यांचे रेशमी कापडाचे दुकान होते. त्यांच्याविषयी सांगितले जाते की एका वस्त्रात दोष होता आणि तो ग्राहकाला दाखवून मगच विकावे, असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला. ग्राहक सापडेना. तेव्हा अबू हनीफा यांनी त्या मालाची सारीच रक्कम दान केली. दुसऱ्या एका कथेत एक स्त्री रेशमी वस्त्र विकावयास आणते आणि शंभर मागते. ते म्हणतात, याची किंमत अधिक आहे. ती शंभर-शंभर वाढवीत चारशेपर्यंत जाते. तरी ते अधिक आहे असेच सांगतात. ही थट्टा आहे असे तिला वाटते. अखेर पारख करणारा बोलावून ते वस्त्र पाचशेला घेतात. समोरच्याच्या अज्ञानातून होणारा नफा हा आपला नव्हे, ही त्यांची धारणा होती.

स्वतः पैगंबरांचा प्रसंगही असाच आहे. मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून त्यांनी बजावले की फसवणारा आपला नव्हे. श्रावकाच्या अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी वजनमापे आणि भेसळ यांचा समावेश आहे, हे येथे आठवते. दोन्ही धर्मांना एक गोष्ट ठाऊक होती. वैराग्याची परीक्षा मंदिरात किंवा मशिदीत होण्याआधी धान्याच्या राशीच्या तळाशी होते. राशीच्या तळाचे ओले धान्य विकून मिळालेल्या पैशाचे दान कितीही मोठे असले, तरी त्याने धान्य कोरडे होत नाही.

किती ठेवावे?

आता प्रश्न उरतो मापाचा. मन अलिप्त आहे, असे कोणीही म्हणू शकतो. मनाचा ताळेबंद बाहेरून तपासता येत नाही. म्हणून दोन्ही परंपरांनी मोजता येईल असे काहीतरी ठरवून दिले. पण त्यांनी निवडलेले माप भिन्न आहे.

इस्लाममध्येही हा वाद प्रारंभीच झाला. पैगंबरांच्या पश्चात साम्राज्य विस्तारले, संपत्तीचा ओघ आला. अबू जर गिफारी नावाच्या वृद्ध अनुयायाने सिरियात सत्ताधाऱ्यांना तोंडावर सुनावले की सोने-चांदी साठवून ठेवणाऱ्यांना कुराणाने दिलेला इशारा तुम्हा-आम्हालाही लागू आहे. गरजेपेक्षा अधिक साठवणे हेच पाप, असे त्यांचे मत होते. त्यांना मदिनेस बोलावून घेण्यात आले आणि आयुष्याचे शेवटचे दिवस त्यांनी रबजा येथील ओसाड भागात काढले. बहुसंख्य विद्वानांनी मात्र दुसरा अर्थ स्वीकारला : ज्या धनातून ‘जकात’ दिली गेली, तो निषिद्ध साठा नव्हे.

जकातीचा हिशेब व्यापाऱ्याला सहज उमगेल असा आहे. राहते घर, अंगावरचे कपडे, धंद्याची अवजारे यांवर जकात नाही. रोकड, सोने-चांदी आणि विक्रीचा माल यांची किंमत करावी, देणे असलेले कर्ज वजा करावे आणि जे उरते ते ठरावीक किमान मर्यादेहून अधिक असेल, तर चांद्र वर्ष पूर्ण झाल्यावर त्याचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, द्यावा. भारतात ही किमान मर्यादा साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सांगितली जाते. पावसावर येणाऱ्या पिकाचा दहावा आणि पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा भाग द्यावयाचा असतो. ही रक्कम आपल्या आई-वडिलांना किंवा मुलांना देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ हे कर्तव्यच आहे. महत्त्वाचे हे की आकारणी नफ्यावर नसून जवळ असलेल्या धनावर आहे. यंदा नफा झाला नाही, ही सबब चालत नाही. निजलेले धनही दरवर्षी झिजते. म्हणून धन फिरते ठेवण्याची प्रेरणा या नियमातच दडलेली आहे. आणि हा भाग दानही मानला जात नाही. तो गरजूंचा हक्कच आहे. धनिकाकडे तो केवळ ठेव म्हणून होता.

आपल्या परिग्रह-परिमाण व्रताचा मार्ग निराळा आहे. क्षेत्र आणि वास्तू, हिरण्य आणि सुवर्ण, धन आणि धान्य इत्यादी प्रकारांत आपण किती ठेवणार, हे श्रावक स्वतः ठरवतो आणि त्यापुढे थांबतो. आगमातील आनंद श्रावकाचे उदाहरण सर्वांना परिचित आहे. वाणिज्यग्रामातील या गृहस्थाकडे चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्यवहारात, चार कोटी घरवैभवात आणि प्रत्येकी दहा हजारांची चार गोकुळे होती. भगवान महावीरांपुढे व्रत घेताना त्याने तेवढ्यावरच रेषा ओढली. संपत्ती मोठी होती, पण त्या दिवसापासून तिची वाढ थांबली. ‘आणखी’ हा शब्द त्याने आपल्या कोशातून काढून टाकला.

येथे दोन्ही धर्मांचे वेगळेपण स्पष्ट दिसते. जैन धर्माने कमाल मर्यादा सांगितली, पण तिचा आकडा श्रावकाच्या विवेकावर सोपवला. इस्लामने कमाल मर्यादा घातली नाही, पण वाट्याचा आकडा ठरवून दिला आणि तो कोणाच्या मर्जीवर ठेवला नाही. एकाने तळ्याला बांध घातला. दुसऱ्याने तळ्याला पाट काढला. त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्वज्ञानही भिन्न आहे. मुस्लिम धनाला ईश्वराची ठेव मानतो आणि त्याचा हिशेब त्याला ईश्वरापुढे द्यावयाचा आहे. जैन दर्शनात असा सृष्टिकर्ता मालक नाही. ममत्वाने आत्म्यावर कर्माचा बंध पडतो आणि त्याचा हिशेब आपोआप होतो. तिथे महाव्रती साधूंचा संघ आहे. इस्लाममध्ये तशी संस्था नाही. हे भेद पुसून टाकण्याचे कारण नाही.

दोन डोंगर

तरीही इस्लाममध्ये अबू जर यांची वाट पुसली गेली नाही. बसऱ्याचे हसन आणि त्याच नगरीतील रबिया यांच्या कथांपासून सूफींच्या परंपरेपर्यंत ती वाहत राहिली. भारतातील चिश्ती संतांनी ती विशेष जपली. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया (1238–1325) राजदरबारापासून दूर राहत. भक्तांकडून न मागता येणारे तेवढे स्वीकारीत आणि आलेले साठवीत नसत. त्यांच्या लंगरातून ते गरिबांपर्यंत जाई. त्यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दख्खनमध्ये आले आणि 1337 मध्ये खुलताबादला त्यांचे देहावसान झाले.

खुलताबादपासून काही किलोमीटरवर वेरूळ आहे. तेथील तिसाव्या ते चौतिसाव्या क्रमांकाच्या लेण्यांत जैन शिल्प कोरले आहे. अंगावर वेली चढल्या तरी ध्यानातून न ढळणारे बाहुबली तेथे उभे आहेत. एका डोंगरावर राज्य जिंकूनही त्यागणाऱ्या पुरुषाची मूर्ती आणि शेजारच्या डोंगरावर दुसऱ्या दिवसासाठी काही राखून न ठेवणाऱ्या फकिराची कबर. पर्यटक दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून घेतो. पण खिशात पाकीट घेऊन हिंडणाऱ्या त्या माणसाला दोन्ही स्थळे एकच प्रश्न विचारीत असतात.

बाहुबली होणे सर्वांना शक्य नाही आणि फकीर होणेही नाही. गृहस्थाला गादीवर बसावेच लागते. पगार, भाडे आणि हप्ते वेळेवर द्यावेच लागतात. त्याच्यासाठी अब्दुर्रहमान आणि आनंद हीच खरी उदाहरणे. आज अनेक घरांत व्रताची वही आहे, पण परिमाणाचा आकडा उत्पन्नाबरोबर दरवर्षी वाढवला जातो. मग ती मर्यादा राहत नाही, ते केवळ अंदाजपत्रक होते. दानही होते, पण पाटीवरील नावाच्या क्रमावरून मने दुखावतात. कुराणानेही उघड दान चांगले, परंतु गुप्तपणे गरिबाला दिलेले अधिक चांगले, असे सांगितले आहे. दिल्यावर उपकार बोलून दाखवणाऱ्याचे दान खडकावरील मातीच्या पातळ थरासारखे, पहिल्या पावसात वाहून जाणारे, असे त्यात म्हटले आहे. गुप्तदानाची आपली परंपरा याहून काय निराळे सांगते? आणि कित्येक घरांत वडिलांनी जन्मभर जोडलेल्या धनाच्या वाटणीवरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. पर्युषणानंतर ते साऱ्या गावाला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतात, फक्त शेजारच्या दुकानात पाऊल टाकत नाहीत. धन हातात आहे की मनात, याचा दाखला याहून स्पष्ट कोणता हवा?

शेजाऱ्याच्या धर्मातून घेण्यासारखे काही असेल तर ते एवढेच : बांध आणि पाट ही परस्परविरोधी साधने नाहीत. ज्या तळ्याला बांध आहे पण पाट नाही, त्याचे पाणी कुजते. ज्याला पाट आहे पण बांध नाही, त्याची तहान संपत नाही. वर्षअखेरीस आढावा काढताना कर-सल्लागारासाठी जसा एक कागद तयार होतो, तसा स्वतःसाठी आणखी एक कागद करता येईल. त्यावर तीन ओळी पुरेत. यंदा मर्यादेची रेषा कोठे होती आणि ती हलली का? जवळच्या धनातील दुसऱ्याचा हक्काचा वाटा वेळेवर आणि न बोलता पोहोचला का? आणि धान्याच्या राशीच्या तळाशी काही ओले राहिले होते का?

या तीन ओळींवर सही करताना ज्याचा हात थरथरणार नाही, त्याला वहीवर ‘शुभ-लाभ’ लिहिण्याचा पूर्ण अधिकार आहे.